मिरवणुकीचे चित्र काय सांगते?

पोळ्याच्या दिवशी तोरणाखालून पहिली जोडी कोणाची जाते हे पाहिले, की गावात मान कोणाचा हे आपल्या यवतमाळ जिल्ह्यात विचारावे लागत नाही. मिरवणूक ही सत्तेची उघडी वही असते. ती परक्याच्या हाती लागली तर काय होते, याचे उदाहरण गोव्यात सापडते.

यान हाउखेन फान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ ते १५८८ पर्यंत गोव्यात आर्चबिशपच्या पदरी चिटणीस होता. १५९६ साली त्याचा सचित्र प्रवासग्रंथ ॲम्स्टरडॅमला निघाला. त्यातली चित्रे फान डुटेकुम घराण्यातील कारागिरांनी तांब्याच्या पत्र्यावर कोरली. कोरलेल्या रेघांत शाई भरायची, वरचा पत्रा पुसून घ्यायचा आणि ओलसर कागद त्यावर दाबायचा. अशा शेकडो प्रती निघत. त्याच साली आपला वऱ्हाड अकबराकडे गेला. त्याच्या दरबारी थोर चित्रकार होते. पण त्यांची चित्रे बादशहा आणि सरदारांपुरती. डच चित्र मात्र पैसे मोजील त्याच्या घरी गेले.

या चित्रांत घोड्यावर बसलेला पोर्तुगीज सरदार आहे, पालखीतून निघालेली माणसे आहेत, विजापूरच्या आदिलशहाचा वकीलही आहे. सरदारावर नोकराने छत्री धरली आहे. छत्र ही तर आपल्याकडची राजखूण! १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराज ‘छत्रपती’ झाले, ते याच खुणेने. म्हणजे समुद्रापलीकडून आलेल्यांनीही रुबाब दाखवायला इथलीच खूण उचलली.

पण हा थाट डच वाचकाने कसा वाचला असेल? लिन्सखोटेनने पोर्तुगीजांच्या ऐषारामाबरोबर त्यांचा ढिला कारभारही लिहिला आणि जलमार्गांची माहितीही दिली. ती माहिती घेऊन १५९५ साली पहिले डच आरमार पूर्वेकडे निघाले. १६०२ साली डच ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली. गोवेकरांना दिपवणारा डौल प्रतिस्पर्ध्याच्या टेबलावर नुसती बातमी ठरला.

डच लोकही या हौसेतून सुटले नाहीत बरे! १६९१ साली तिसरा विल्यम हेगला आला, तेव्हा शहरात विजयकमानी उभारल्या आणि रोमेन दे होखने तो सोहळा पत्र्यावर कोरला.

तेव्हा असे चित्र हाती आले, तर छत्राखालचा माणूस पाहून थांबू नका. छत्री धरणाऱ्याकडेही पाहा. गोव्यात तो बहुधा विकत घेतलेला गुलाम असे. त्याचे नाव चित्राखाली नाही. पण तो काढून टाकला, तर सरदाराचा थाट उरतो किती?