‘गाडी गरम झाली’ : जुन्या मोटारीच्या दोषनिदानाविषयी

सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या फियाट ११०० या गाडीला १९७४ साली ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईच्या टॅक्सीव्यवसायातून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. तथापि हौशी मालकांनी जतन केलेल्या पद्मिनी अद्यापि रस्त्यावर दिसतात. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, कार्ब्युरेटर आणि पॉइंट-कंडेन्सरची प्रज्वलनव्यवस्था अशी तिची रचना आहे. संगणकाचा तीत लवलेश नसल्यामुळे दोष शोधावयाचा तो डोळ्यांनी, कानांनी आणि तर्कानेच.

समजा, वैशाखातील दुपारी, पारा ४० अंशांपलीकडे गेला असता, अशी एक गाडी सात रस्त्याच्या चौकात वाहनांच्या दाटीत अडकून बंद पडली. स्टार्टर फिरतो, इंजिन मात्र धरत नाही. अर्ध्या तासाने तीच गाडी काही झालेच नाही अशा थाटात सुरू होते. मालक गॅरेजात सांगतो, “गाडी गरम झाली नि बंद पडली.” हे वाक्य खरे आहे; परंतु निदानाच्या दृष्टीने ते जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण परस्परांशी संबंध नसलेले निदान दोन दोष नेमके याच वाक्यात मावतात.

पहिला दोष इंधनाचा. पेट्रोल हा एकजिनसी द्रव नसून त्यातील हलके घटक ३५-४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. इंजिनाच्या कुशीला बसविलेला पंप मागील टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढीमुळे नळीतील दाब घटतो आणि उकळणे अधिकच सुलभ होते. पंप द्रवासाठी घडविलेला. वाफ त्याला पुढे ढकलता येत नाही. इंजिन थांबताच पंखा व पाण्याचे अभिसरणही थांबते, म्हणून बंद पडल्यानंतरची काही मिनिटे उष्णता उलट वाढते. दुसरा दोष विजेचा. कंडेन्सरमधील विद्युत्‌रोधक थर जीर्ण झाला की थंडपणी तो काम करतो आणि तापल्यावर दगा देतो. पॉइंटवर ठिणग्या उडून ते जळतात, आणि प्लगपर्यंत पोहोचणारी ठिणगी क्षीण होते. जीर्ण इग्निशन कॉइलही असेच वागते.

मेकॅनिक मंडळींची भाषा येथे मालकाच्या भाषेहून काटेकोर असते. त्यांची पृच्छा दोन शब्दप्रयोगांत सामावते : ‘करंट येत नाही’ की ‘पेट्रोल येत नाही’? ‘बंद पडणे’ हे क्रियापद केवळ परिणाम सांगते. ‘येणे’ मात्र उगम, मार्ग आणि मुक्काम यांची कल्पना पोटात घेऊन येते, आणि वाट कोठे अडली हा पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. परिभाषा घडविणाऱ्यांनी हे सामर्थ्य क्वचितच ओळखले आहे.

परीक्षा गाडी तापलेली असतानाच केली पाहिजे. थांबले की दोन्ही दोष एकदमच नाहीसे होतात आणि पुरावाही त्यांच्याबरोबर जातो. प्रथम हवेची गाळणी काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहावे व हाताने ॲक्सिलरेटर ओढावा. पेट्रोलची बारीक धार उडाली तर इंधन आहे. कोरडे राहिले तर ते पोहोचलेले नाही. मग गाळणी पुन्हा बसवून, पेट्रोल सांडलेले नाही याची खात्री करून, डिस्ट्रिब्युटरच्या मधली जाड तार काढावी व कोरड्या रोधक पकडीने तिचे टोक इंजिनाच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर धरून स्टार्टर फिरवावा. निळी, कडकडीत ठिणगी निर्दोषत्व दर्शविते. पिवळी व बारीक ठिणगी कंडेन्सर अथवा कॉइलकडे बोट दाखविते.

पंपावर ओले फडके टाकण्याचा जुना उपाय हीसुद्धा एक परीक्षाच होय. मात्र ते लगेच टाकावे. अर्ध्या तासाने टाकल्यास गाडी फडक्याने सुरू झाली की केवळ विश्रांतीने, हे सांगता येत नाही. ध्वनिविचारात एकाच ध्वनीने भिन्न होणारे दोन शब्द शेजारी ठेवतात, तसे येथे एकच घटक बदलावयाचा असतो. घाईने कंडेन्सर, कॉइल, पंप असे सारेच बदलणाऱ्या मालकाची गाडी कदाचित सुधारते, पण पैसे कशापायी गेले हे त्यास कधीच कळत नाही.

कधी धार उत्तम उडते, ठिणगीही निळी असते, तरी गाडी धरत नाही. अशा वेळी तापलेल्या कार्ब्युरेटरातून पेट्रोल खाली ओघळून इंजिन ‘ओव्हरफ्लो’ झालेले असते. ॲक्सिलरेटर पुनःपुन्हा न मारता तळापर्यंत दाबून धरावा व स्टार्टर फिरवावा. जादा पेट्रोल हवेबरोबर निघून जाते.

दोष कंडेन्सरचा ठरल्यास त्याबरोबर जळलेले पॉइंटही बदलून त्यांतील अंतर पुन्हा लावावे लागते. इंधनाचा ठरल्यास नळी सायलेन्सरकडे जाणाऱ्या तप्त पाइपापासून दूर घ्यावी आणि रबरी जोड तपासावे. अलीकडच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. उसाच्या या जिल्ह्यात त्याचे कौतुक स्वाभाविक असले, तरी जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी बनविलेले नव्हते. तडकलेली नळी हवा ओढू लागली की लक्षणे वाफेसारखीच दिसतात. फरक इतकाच की ती सकाळच्या गारव्यातही दिसतात.