व्यायाम टिकत का नाही?

दिवाळी संपून थंडी पडू लागली, की पहाटेच्या वेळी गावोगावची मैदाने माणसांनी फुलून जातात. कोणी कानाला मफलर गुंडाळून भरभर चालत असतो, कोणी धावत असतो, कोणी दोरीवरच्या उड्या मारत असतो. महिनाभर हा उत्साह टिकतो आणि मग गर्दी ओसरू लागते. संक्रांतीच्या सुमारास जाऊन पाहावे, तर नेहमीची पाच-दहा मंडळीच तेवढी उरलेली असतात. बाकीचे कोठे गेले? व्यायाम वाईट असतो असे त्यांना वाटू लागले काय? मुळीच नाही. त्यांच्यापैकी कोणालाही विचारा, तो तुम्हांला व्यायामाचे फायदे घडाघडा सांगेल. मग ठाऊक असूनही तो हातून का होत नाही? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आपल्याला प्रथम लंडनच्या बसगाडीत चढावे लागेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने मरण पावणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांची संख्या वाढत चालली होती. त्याचे कारण उमगत नव्हते. जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी निरनिराळे व्यवसाय करणाऱ्या लोकांची माहिती जमविण्यास सुरुवात केली. त्यांत लंडनच्या वाहतूक खात्यातील ३५ ते ६४ वर्षे वयाचे सुमारे ३१ हजार पुरुष होते. लंडनच्या बसगाड्या दुमजली असत. (मुंबईत २०२३ पर्यंत धावणाऱ्या जुन्या लाल दुमजली बसगाड्या तुमच्यापैकी काहींनी पाहिल्या असतील.) बसचा ड्रायव्हर दिवसभर एका जागी बसून राही. कंडक्टर मात्र तिकिटे देत सारखा खाली-वर करी. रोजच्या कामात तो पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढत असे.

मॉरिस यांचे निष्कर्ष १९५३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ड्रायव्हरांच्या मानाने कंडक्टरांना हृदयविकार कमी प्रमाणात होत होता, उशिरा होत होता आणि झटका आला तरी त्यातून ते अधिक संख्येने वाचत होते. दोघेही एकाच बसमध्ये, एकाच रस्त्यावर, एकाच धुरात काम करीत होते! फरक होता तो जिन्याचा.

येथे तुमच्यातील एखादा चौकस विद्यार्थी म्हणेल, "कशावरून? मुळातच लठ्ठ असणारे लोक ड्रायव्हरची नोकरी पत्करत असतील!" ही शंका अगदी रास्त आहे आणि मॉरिस यांनाही ती आली होती. त्यांनी काय करावे? गणवेश शिवण्यासाठी घेतलेल्या विजारींच्या कमरेची मापे मिळविली. ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच अधिक रुंद निघाल्या, आणि तरुण ड्रायव्हरांच्या बाबतीतही तेच आढळले. म्हणजे शंकेत थोडेफार तथ्य होते. परंतु सायकलवरून व पायी फिरून टपाल वाटणारे पोस्टमन आणि टपाल खात्यातच खुर्चीवर बसून काम करणारे लोक यांची तुलना केल्यावरही चित्र तसेच दिसले. पुढे अनेक देशांत याच दिशेने पुरावा मिळत गेला.

असे का होते? हृदय हा एक स्नायू आहे. नियमित श्रम केल्याने त्याची एका ठोक्यात रक्त बाहेर टाकण्याची क्षमता वाढते, रोहिण्यांची लवचीकता टिकून राहण्यास मदत होते, स्नायू रक्तातील साखर अधिक चांगल्या रीतीने शोषून घेतात. उलट बाजूने पाहिले तर काय दिसते? १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे नुसते बिछान्यावर पडून राहावयास सांगितले गेले. तेवढ्यात त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्शाहून अधिक घटली. पण खरी गंमत पुढेच आहे. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांची ही क्षमता जेवढी घटली होती, तीपेक्षा त्या तीन आठवड्यांच्या लोळण्यातील घट जास्त होती! मग पन्नाशीतल्या या गृहस्थांकडून सहा महिने हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम करून घेतला, तेव्हा ती क्षमता विशीतल्या मूळ पातळीवर परत आली.

मात्र व्यायाम बँकेत ठेवता येत नाही. राल्फ पॅफनबार्गर या अमेरिकन डॉक्टरांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या सुमारे १७ हजार माजी विद्यार्थ्यांची पाहणी केली. ती १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. कॉलेजात मैदान गाजविलेले, पण नंतर बैठे आयुष्य जगणारे लोक हृदयविकारापासून सुरक्षित राहिले नव्हते. कॉलेजात कधी खेळाकडे न फिरकलेले, पण पुढे नित्य श्रम करू लागलेले लोक त्यांच्याहून बरे होते. तेव्हा शाळेतील क्रीडा-स्पर्धेत मिळालेला चषक कपाटात ठेवून भागत नाही.

आता पुन्हा कंडक्टरकडे वळू. त्याला व्यायामाची प्रेरणा कोठून मिळाली? कोठूनच नाही! आज जिना चढावा की न चढावा, असा विचार त्याने कधी केलाच नाही. वरच्या मजल्यावर प्रवासी होते, त्यांची तिकिटे फाडायची होती, म्हणून तो चढला. मला तर या सगळ्या कथेतील ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले, तेव्हा तेथील मुलांच्या बाबतीतही असेच घडले असणार. घंटा वाजली की उभे राहावयाचे. तुमच्या शाळेतील कवायतीच्या तासाचेही तसेच आहे. अडचण येते ती शाळा संपल्यावर. मग रोज सकाळी ठरवावे लागते, आणि ठरवावयाचे म्हटले की अंथरूण नेहमी जिंकते. त्याची ऊब या क्षणी मिळते. व्यायामाचा फायदा मात्र चाळीस वर्षांनंतरचा, आणि तोही न आलेल्या झटक्याच्या रूपाने! जे घडलेच नाही ते दिसणार कसे?

त्यात भर पडते दुखण्याची. एखादा मुलगा उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारतो. त्या दिवशी विशेष काही वाटत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र मांड्या अशा भरून येतात, की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. लॅक्टिक आम्ल साचल्यामुळे हे होते असे अजूनही सांगितले जाते, पण ते खरे नाही. ते आम्ल तास-दीड तासात रक्तातून निघून जाते. सवय नसलेले काम केल्याने, विशेषतः ताणले जात असताना भार पेलावा लागल्याने, स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. त्यांच्या दुरुस्तीच्या काळात हे दुखणे जाणवते. बैठकीत खाली जाताना मांडीचा स्नायू नेमका असाच ताणला जातो. चार-पाच दिवसांत दुखणे थांबते आणि आठवड्याभराने तोच व्यायाम केला तर फारच कमी दुखते. पण पुष्कळांचा व्यायाम त्या तिसऱ्या दिवशीच संपलेला असतो. पहिल्या दिवशी दहाच बैठका मारणारा मुलगा या बाबतीत अधिक शहाणा म्हटला पाहिजे.

मग ठरवण्याची कटकट टळणार कशी? लंडनच्याच युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये छापून आले. प्रत्येकाने एक साधी कृती निवडायची आणि ती रोजच्या ठरलेल्या घटनेला जोडायची, उदाहरणार्थ 'न्याहारीनंतर'. बारा आठवडे नोंदी घेतल्या. कृती आपोआप होऊ लागण्यास मध्यम मानाने ६६ दिवस लागले. काहींना १८ दिवस पुरले, तर एखाद्याच्या बाबतीत नोंदींवरून बांधलेला अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. पाणी पिण्यासारख्या सोप्या सवयी लवकर जडल्या, व्यायामाला जास्त दिवस लागले. मधला एखादा दिवस चुकला तर फारसे बिघडले नाही. आता हिशेब करून पाहा. दिवाळीनंतर महिनाभराने मैदान सोडणारी मंडळी ऐन निम्म्या वाटेवरूनच परत फिरलेली असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी सरासरी रोज ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी. ती एकदम करावयास हवी असे नाही. शाळेत चालत जाणे, दुपारची लंगडी, संध्याकाळी आजोबांबरोबर भरभर चालून भाजी आणणे, हे सारे त्यात मोजता येते. चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, इतका वेग पुरे. एखाद्याला हृदयाचा विकार किंवा दमा असेल, तर त्याने डॉक्टरांना विचारून सुरुवात करावी.

आणि चाळीस वर्षे थांबायचे नसेल, तर एक वही घ्या. अंगठ्याच्या खाली मनगटावर दोन बोटे ठेवून नाडीचे ठोके एक मिनिट मोजा व तारीख घालून लिहा. आठवड्यातून एकदा, दोन-तीन महिने असे करा. नियमाने धावणाऱ्या-पोहणाऱ्यांची विश्रांतीच्या वेळची नाडी हळूहळू मंद होत जाते, कारण हृदय प्रत्येक ठोक्यात अधिक रक्त पाठवू लागलेले असते. मिनिटाला ७६ ऐवजी ७० ठोके पडू लागले, तर दिवसाला ८,६४० ठोके वाचले! दुसरी नोंद जिन्याची ठेवा. तोच जिना त्याच वेगाने चढून जा आणि नाडी पूर्ववत होण्यास किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून पाहा. पहिली नोंद मात्र सकाळी जाग येताच, अंथरुणात असतानाच करावी. चहा घेऊन किंवा धाकट्या भावाशी भांडून झाल्यावर मोजलेले ठोके या कामी निरुपयोगी आहेत.