वीरमरणामागचे घर

घरातले माणूस गेले की आधी घर रडते, मग बातमी उंबऱ्याबाहेर जाते. सैन्यात गेलेल्या तरुण मुलाच्या मृत्यूत हा क्रम पुष्कळदा उलटतो. पलटणीकडून फोन येतो आणि घरच्यांना तो नीट उमगायच्या आत गल्लीत माणसे जमू लागतात. पार्थिवाची वाट पाहत पहिले दोन-तीन दिवस जातात. सीमेवरचे हवामान बिघडले, तर ही वाट लांबते.

दिघ्यासारख्या औद्योगिक वस्तीत आणखी एक प्रश्न उभा राहतो. नवी मुंबईच्या उत्तर टोकावरच्या या भागात कामधंद्यासाठी बाहेरून आलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. मुलगा वाढतो इथे. घराणे, शेत आणि कुलदैवत असते गावाकडे. अग्नी कुठे द्यायचा, हे भांबावलेल्या घराला काही तासांत ठरवावे लागते. गावी नेले, तर मित्र आणि शेजारी दुरावतात. इथे केले, तर म्हाताऱ्या आजीला नातवाचे अखेरचे दर्शन होत नाही.

अंत्यसंस्काराचा लष्करी विधी मात्र ठरलेला असतो: पुष्पचक्रे, बंदुकीच्या फैरी, बिगुलावरचा 'लास्ट पोस्ट'. शवपेटीवरचा तिरंगा चितेवर जात नाही. तो घडी करून आईच्या, वडिलांच्या किंवा पत्नीच्या हाती दिला जातो. विधीच्या या शिस्तीचा घराला आधार होतो. पण शवपेटी उघडण्यासारखी नसेल, तर चेहरा न पाहिलेल्या आईला पुढे कित्येक दिवस 'तो येईल' असे वाटत राहते.

ठाणे जिल्ह्याने असा प्रसंग 2018 च्या ऑगस्टमध्ये पाहिला. मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे उत्तर काश्मीरमधल्या गुरेझ भागात घुसखोरांशी लढताना कामी आले. वय 29. त्यांच्या पत्नी कनिका राणे पुढे स्वतः सैन्यात अधिकारी झाल्या. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक 2015 मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनीही 2017 मध्ये गणवेश चढवला. कॅप्टन विनायक गोरे यांना 1995 मध्ये काश्मीरमध्ये मरण आले. त्यांच्या आई अनुराधा गोरे लेखणीकडे वळल्या आणि सैनिकांचे जीवन मराठी तरुणांपुढे मांडत राहिल्या. 'वारस होऊ अभिमन्यूचे' हे त्यांचे पुस्तक त्यातलेच. ही उदाहरणे मोठी आहेत, पण प्रत्येक घराने असेच उभे राहावे, अशी अपेक्षा त्यांतून धरता येत नाही.

कारण गौरवाचे शब्द दुःखाला दोन्हीकडून धरतात. 'वीरमाता', 'वीरपिता', 'वीरपत्नी' या शब्दांमुळे मरणाला अर्थ मिळतो. त्याच शब्दांमुळे रडणे कोंडलेही जाते. 'तुम्ही रडायचे नाही, तुमचा मुलगा देशासाठी गेला' हे सांत्वन आईला गप्प बसवते. बाप पाहुण्यांची उठबस करण्यात गुंततो. भावंडांकडे तर फारसे कुणाचे लक्षच जात नाही. भाऊबीजेला ओवाळणीचे ताट हाती घेतल्यावर बहिणीचा बांध फुटतो, तेव्हा दहावे-तेरावे होऊन कित्येक महिने लोटलेले असतात आणि गर्दी केव्हाच पांगलेली असते.

दुःखाच्या या चढउताराचा अभ्यास झालेला आहे. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या संशोधकांनी 1999 मध्ये मांडले, की शोकात असलेले माणूस दोन टोकांमध्ये हेलकावत राहते: कधी गेलेल्याच्या आठवणीत बुडते, कधी रोजच्या कामाला लागते. दोन्ही गोष्टी लागतात. म्हणून आई एखाद्या दिवशी हसली तर ती विसरली असे होत नाही, आणि वर्षश्राद्धानंतर रडली तर ती खचली असेही नाही. मात्र सहा महिन्यांहून अधिक काळ तीव्र ओढ आणि वेदना कायम राहून जगणेच अडले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार तो दीर्घकालीन शोकविकार ठरू शकतो. त्यावर उपचार आहेत.

या काळातच कागदपत्रे समोर येतात. मृत्यू लढाईतला की अन्य कारणाने, यावर सवलती ठरतात, आणि हा भेद घराला जिव्हारी लागतो. नियमित जवान लढाईत गेल्यास पत्नीला अखेरच्या वेतनाएवढे कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. विम्याची रक्कम नामनिर्देशनाप्रमाणे जाते. सून आणि सासू-सासरे यांच्यात अढी पडते ती बहुधा इथे. अग्निवीरांच्या घरी विमा आणि सानुग्रह रक्कम येते, पण नियमित जवानासारखे निवृत्तिवेतन नाही. बुलढाण्याचे अग्निवीर अक्षय गवते यांचा ऑक्टोबर 2023 मध्ये सियाचेनवर मृत्यू झाला, तेव्हा हा फरक देशभर चर्चेत आला.

दिघा ठाणे जिल्ह्यात येत असल्याने तिथल्या कुटुंबाला या कामांसाठी ठाण्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. मनाच्या त्रासासाठी 'टेली मानस'चा 14416 हा सरकारी क्रमांक मराठीतही चालतो. शेजाऱ्यांना करण्यासारखी मदत साधी आहे: अर्ज करायला सोबत जाणे, सणाच्या दिवशी घरी डोकावणे, आणि मुलाचा उल्लेख न टाळता त्याचे नाव घेऊन बोलणे.