शंख आणि गवताचे पाते

मानवाच्या आंतरकर्णात कर्णशंबूक नावाची शंखाकृती नलिका असते. वाटाण्याएवढ्या जागेत तिने सुमारे अडीच वेढे घेतलेले असतात. तिच्यातील सूक्ष्म केसयुक्त पेशी ध्वनिकंपनांचे विद्युत् संकेतांत रूपांतर करतात. या पेशी बहुतांशी नष्ट झाल्या, की आवाज नुसता मोठा करून भागत नाही. नलिकेत विद्युत् अग्रांची तार बसवून श्रवणतंत्रिकेलाच उद्दीपित करावे लागते.

पण इतक्या वळणांतून तार न्यावी कशी? १९७७ साली ऑस्ट्रेलियातील शल्यविशारद ग्रॅम क्लार्क यांनी समुद्रकिनारी एका शंखात गवताचे पाते सरकवून पाहिले. टोकाशी लवचीक व बुडाशी ताठर असे ते पाते सहज आत वळत गेले. याच तत्त्वावरील तार त्यांनी १९७८ मध्ये मेलबर्न येथे एका रुग्णाच्या कानात बसविली.

अनेक रुग्णांमध्ये उंच स्वरांची जाणीव लोपली, तरी खालच्या स्वरांची काहीशी शिल्लक असते. तारेने आतील नाजूक पडदा फाटला, तर तीही जाते. म्हणून जर्मनीतील एर्न्स्ट लेनहार्ट यांनी १९९३ मध्ये ‘मृदू शस्त्रक्रिये’ची पद्धत मांडली : छिद्र लहान, आतील द्रवाला धक्का कमी, तारेचा प्रवेश सावकाश. आता तार सेकंदाला एक मिलिमीटरहूनही कमी वेगाने, न थरथरता पुढे सारणारी यांत्रिक साधने उपलब्ध आहेत. तरीही उरलेले श्रवण प्रत्येक वेळी वाचतेच असे नाही.