सेकंदाला पाचशे दात

वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागांत किंवा अकोट-तेल्हाऱ्याच्या शिवारात झाड कापायच्या स्वस्त मशीनबद्दल विचारून बघा. पाच-सात हजारांत ऑनलाइन मिळणारी, ५८ सीसीचं स्टिकर लावलेली, २२ इंची पट्टीची ती पेट्रोलवरची चेनसॉ. एक जण म्हणेल, "लय भारी हाय भाऊ, धुऱ्यावरची अख्खी बाभूय जेवणाच्या आत आडवी केली." दुसरा म्हणेल, "कायची मशीन घेऊन बसले! दोरी ओढू ओढू खांदा गेला, चालूच होत नाई." आणि बरेचदा दोघांची मशीन अगदी सारखी असते. किंमत तीच, पट्टी तीच, साखळीही तीच. मग एकाला सोनं मिळालं आणि दुसऱ्याला डबडं, असं कसं झालं?

उत्तर मशीनच्या आतच आहे, आणि ते इतकं सुंदर आहे की ज्याला कधी झाड कापायचं नाही त्यानेही ऐकावं.

सुरुवात साखळीपासून करू, कारण लाकूड कापते ती साखळी. इंजिनाचं काम तिला पळवण्यापुरतं. पूर्ण रेसवर हे इंजिन मिनिटाला नऊ हजारांच्या आसपास फेरे घेतं. प्रत्येक फेऱ्याला सात दातांचं एक छोटं चाक साखळीला साडेअकरा सेंटिमीटर पुढे रेटतं. गुणाकार करून बघा, साखळीचा वेग येतो ताशी साठ किलोमीटरच्या वर! २२ इंची पट्टीभोवतीच्या साखळीला चाळीसेक पाती असतात आणि ती एका सेकंदात बारा वेळा फिरून येते. म्हणजे दर सेकंदाला पाचशेच्या आसपास दात त्या बाभळीतून आरपार निघून जातात.

पण हे दात करवतीसारखे टोकदार नसतात. साखळीचं एक पातं जवळून बघा. वरून सपाट, पुढची कड धारदार, बाजू खाली वळलेली. तो खरं तर सुताराचा इवलासा रंधा आहे. एक रंधा डावीकडे वळलेला, पुढचा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. प्रत्येकाच्या पुढ्यात एक बुटका उंचवटा असतो, आणि तो धारेपेक्षा जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर खाली. हा उंचवटा लाकडावरून घसरत जातो आणि मागच्या धारेला बजावतो की एवढंच खा, जास्त नको. तो नसता तर धार लाकडात खोल रुतली असती आणि मशीन हातातून उडाली असती. अर्ध्या मिलिमीटरच्या शिस्तीवर सगळा कारभार चालतो.

ही कल्पना सुचली कोणाला? एका अळीला!

१९४६ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जोसेफ ब्यूफर्ड कॉक्स नावाचा लाकूडतोड्या जंगलात काम करत होता. तेव्हाच्या साखळ्यांचे दात नुसते लाकूड ओरबाडायचे, लवकर बोथट व्हायचे आणि त्यांना घासण्यातच बराच वेळ जायचा. एका बुंध्यात त्याला भुंग्याची जाड अळी दिसली. ती लाकडाच्या रेषेने जात होती, रेषेला आडवी जात होती, जिकडे वाटेल तिकडे सारख्याच सहजतेने बोगदा खणत होती. कॉक्स बघत बसला. अळीचे दोन वाकडे जबडे लाकूड ओरबाडत नव्हते, डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे ते कापत होते. त्याने पोर्टलंडमधल्या आपल्या घराच्या तळघरात ते जबडे पोलादात घडवले आणि नोव्हेंबर १९४७ मध्ये नवी साखळी विकायला काढली. आज जगभरच्या बहुतेक चेनसॉ त्याच डाव्या-उजव्या जबड्यांच्या तत्त्वावर चालतात, वरूडच्या बागेतली पाच हजारांची मशीनसुद्धा. साल आणि खोड पोखरणारी अळी संत्रा बागायतदाराला वैरी वाटते, आणि ते बरोबरच आहे. पण तिच्याच एका दूरच्या भाऊबंदाने हे यंत्र आपल्या हातात ठेवलं आहे.

त्याच्याही आधीची गोष्ट आणखी चक्रावणारी. दातांची साखळी पहिल्यांदा कापायला वापरली ती झाडावर नाही, माणसाच्या हाडावर. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्री या डॉक्टरांनी दोन टोकांना मुठी असलेली बारीक दातेरी साखळी वापरात आणली. अडलेल्या बाळंतिणीची सुटका करताना किंवा सडलेलं हाड काढताना ती हाताने मागे-पुढे ओढायची. इंजिन पुष्कळ नंतर आलं. जर्मनीत आंद्रेयास श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवरची आणि १९२९ मध्ये पेट्रोलवरची चेनसॉ बनवली, तेव्हा ती उचलायला दोन माणसं लागत.

आता वऱ्हाडात परत येऊ, कारण अळीचा हा जबडा इथे फार कठीण परीक्षेला बसतो. आपल्या काळ्या मातीतली बाभूळ वाळली की किती कठीण होते, हे वखर-तिफण आणि बंडी बनवणाऱ्या सुतारांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. मेळघाटातून परतवाड्याच्या डेपोत येणारं सागवान हाताला मऊसूत लागतं, पण त्याच्या अंगात वाळूतला सिलिका असतो. तो धारेला आतून खात राहतो. धुऱ्यावरच्या झाडाचा धोका त्याहून वेगळा. पंचवीस वर्षांपूर्वी तारकुंपणासाठी ठोकलेला खिळा झाडाने गिळलेला असतो आणि वरून साल अगदी गुळगुळीत दिसते. साठच्या वेगाने येणारी धार त्या खिळ्यावर आदळली की संपली. आणि आडव्या पडलेल्या खोडाखालच्या जमिनीला साखळी नुसती टेकली, तरी डोळ्याचं पातं लवायच्या आत चाळीसही पाती बोथट होतात.

"पहिले आठ दिवस लोण्यावानी चालली, मंग बसली," अशी तक्रार ऐकली ना? इंजिन बहुतेक वेळा ठणठणीत असतं. धार गेलेली असते. ओळखायचं कसं? खाली काय पडतंय ते बघायचं. जाडसर ढलप्या पडत असतील तर साखळी कापते आहे. बारीक भुकटी पडत असेल, धूर येत असेल आणि मशीनवर अंग टाकावं लागत असेल, तर साखळी नुसती घासते आहे. इलाज म्हणजे एक गोल कानस. या मशीनसोबत बहुधा जी साखळी येते, तिला ४.८ मिलिमीटरची कानस लागते. ती तीस अंशांच्या कोनात धरून फक्त पुढच्या दिशेने फिरवायची, आणि प्रत्येक पात्याला सारखेच हात मारायचे. हे 'सारखेच' फार महत्त्वाचं आहे. उजव्या हाताच्या माणसाचा जोर एका बाजूच्या पात्यांवर जास्त पडतो. मग त्या बाजूचे रंधे धारदार आणि दुसऱ्या बाजूचे बोथट राहतात, आणि सरळ धरलेली मशीन लाकडात वाकडी शिरते. "पट्टीच तेढी दिली कंपनीनं" या मतामागे पुष्कळदा कानशीचे असमान हात असतात.

दोरी ओढून ओढून खांदा का जातो, ते आता इंजिनात शिरून बघू.

जुन्या मोटारसायकलच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची छोटी वाटी असते आणि तिच्यात तरंगता गोळा. गाडी आडवी झाली की वाटी सांडते आणि गाडी बंद पडते. पण चेनसॉ तर आडवी धरायची, उभी धरायची, कधी फांदीखालून उलटी चालवायची! तिच्या कार्बोरेटरमध्ये वाटीच नसते. असतो रबरासारखा एक पातळ पडदा. पिस्टन खाली-वर होताना इंजिनाच्या पोटातला दाब कमी-जास्त होतो. त्या दाबाच्या ठोक्यांवर हा पडदा सेकंदाला दीडशे वेळा थरथरतो आणि पेट्रोल वर ओढतो. वेगळा पंप नाही, बॅटरीही नाही. ठिणगीसुद्धा फिरत्या चाकावरचं लोहचुंबक तारेच्या वेटोळ्यासमोरून गेल्यामुळे पडते. टाकीत पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या टोकाला वजन असतं, म्हणून मशीन कशीही वळवा, नळी पेट्रोलामागे जाते. १९५० च्या दशकात असले कार्बोरेटर आले आणि चेनसॉ खऱ्या अर्थाने एका माणसाच्या हातात मावली.

थंड मशीन चालू करताना चोक ओढायचा, दोरी ओढायची, आणि इंजिन एकदा 'फट्' करून बंद पडलं की लगेच चोक परत आत ढकलायचा. ते 'फट्' हुकलं आणि चोक तसाच ठेवून दोरी ओढत राहिलं, की सिलिंडरमध्ये पेट्रोल साचतं, प्लग भिजतो आणि मग पहिलवानानेही ओढून उपयोग नसतो. प्लग काढा, पुसा, चोक न लावता रिकामी दोरी ओढा, प्लग परत बसवा. खांदा वाचतो.

या इंजिनाला वेगळं ऑइल भरायची जागाही नाही, त्यामुळे त्याचं वंगण पेट्रोलातूनच जातं. स्वस्त मशीनच्या पुस्तिकेत बहुधा पंचविसास एक असं प्रमाण लिहिलेलं असतं, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल. अंदाजाने धार सोडून चालत नाही. कमी पडलं तर पिस्टन जाम, जास्त झालं तर धूर आणि काजळी. साखळीचं ऑइल वेगळं. ते चिकट हवं, नाही तर साठच्या वेगाने ते उडून जातं. अकोल्याच्या पंचेचाळीस अंशांत तर ते आणखीच पातळ होतं. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल ओतणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्यात धातूचा बारीक चुरा असतो आणि तो पट्टी खातो.

सगळ्यात लपलेला सापळा साठवणीचा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळाभर टाकी अर्धी राहिली तर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात, आणि ऑइल मात्र वरच्या थरात राहतं. वजन लावलेली ती हुशार नळी कुठे असते? तळाशी! म्हणजे ती आधी पाणी ओढणार, तेही ऑइलविना. शिवाय आतला पडदा ताठरतो तो वेगळाच. आणि वऱ्हाडात ही मशीन नेमकी कधी हवी असते? अवकाळी वादळाच्या रात्री. ९ एप्रिल २०२३ ला बाळापूर तालुक्यातल्या पारस इथे मंदिराच्या टिनशेडवर जुनं झाड कोसळलं आणि सात माणसं गेली. रस्त्यावर, गोठ्यावर, घरावर झाड पडतं तेव्हा गावातली मशीन पहिल्या चार-पाच ओढण्यांत चालू व्हायलाच हवी. म्हणून काम संपलं की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा.

एका गोष्टीची मात्र मला खरी काळजी वाटते. पट्टीच्या टोकाचा वरचा चतकोर भाग लाकडाला टेकला, तर पाती कापण्याऐवजी अडकतात आणि सगळा वेग उलटा फिरून पट्टी चालवणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. सेकंदाच्या छोट्याशा भागात हे घडतं, माणसाला हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. पुढच्या मुठीसमोरचा आडवा दांडा असतो तो साखळीचा ब्रेक. स्वस्त मशीन घेताना घासाघीस किमतीवर कमी करा आणि तो ब्रेक तिथल्या तिथे लावून बघा. साखळी जागच्या जागी थांबली नाही तर मशीन परत द्या. कानाला, डोळ्याला झाकण हवं, पायात जाड बूट हवेत, आणि गळ्यातला दुपट्टा घरी ठेवायचा.

माझं मत विचाराल तर वर्षातून चार बाभळी, वादळात पडलेलं झाड, वठलेली संत्र्याची खोडं, एवढ्या कामाला ही मशीन पुरेशी आहे. रोज लाकूड कापून पोट भरणाऱ्याने तिप्पट-चौपट पैसे मोजून चांगली घ्यावी. बागेत नुसती सल काढायची तर बॅटरीवरची छोटी मशीन बरी, तिला दोरीही नाही आणि पेट्रोलही नाही. आणि शेत आपलं असलं तरी सागवान, आंबा, चिंच, मोह ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात येतात, त्यांना हात लावायच्या आधी परवानगी घ्यावी लागते.

घ्यायच्या आधी गावात चार जणांना जरूर विचारा. फक्त मशीन कशी आहे एवढंच विचारू नका. कापताना ढलप्या पडतात की भुकटी, आणि कानस शेवटची कधी फिरवली, हे आधी विचारा. मग त्यांचं मत ऐका.