वचन पाळलं गेलं, म्हणून दुर्मिळ

अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेतल्या फुटीर राज्यांनी १८६४ साली काढलेली दहा डॉलरची नोट आज तिथल्या बाजारात सहज मिळते. बऱ्या अवस्थेतली नोटही शंभर डॉलरच्या आत येते. दीडशेहून अधिक वर्षांचा कागद इतका स्वस्त कसा, याचं उत्तर नोटेवरच छापलेलं आहे. दक्षिण आणि उत्तर यांच्यात शांततेचा तह होऊन दोन वर्षं उलटली की या नोटेचे पैसे मिळतील, असं वचन तिच्यावर आहे. तो तह कधी झालाच नाही. १८६८ साली चौदाव्या घटनादुरुस्तीने दक्षिणेचं सगळं कर्ज कायमचं बाद ठरवलं. नोटा परत घेणारं कुणी उरलं नाही, म्हणून त्या पेट्यांत आणि माळ्यांवर पडून राहिल्या आणि टिकल्या.

जुन्या अमेरिकी नोटा जमवणाऱ्याने पहिल्यांदा समजून घ्यायची गोष्ट हीच आहे. नोट किती जुनी, यावरून तिची दुर्मिळता ठरत नाही. वचन मोडलेल्या नोटा मागे राहतात. ज्यांचे पैसे चोख चुकते झाले, त्या तिजोरीत परत जातात आणि नष्ट केल्या जातात.

दुसरी बाजू उत्तरेची. ऑगस्ट १८६१ मध्ये लिंकन यांच्या सरकारने युद्धखर्चासाठी पाच, दहा आणि वीस डॉलरच्या ‘डिमांड नोट्स’ काढल्या. पाठीमागच्या हिरव्या शाईमुळे लोक त्यांना ‘ग्रीनबॅक’ म्हणू लागले आणि ते नाव डॉलरला कायमचं चिकटलं. दहाच्या नोटेवर खुद्द लिंकन यांचं चित्र आहे, तेही हयातीत. खजिनदार आणि रजिस्ट्रार यांना इतक्या नोटांवर सह्या करणं शक्य नव्हतं, म्हणून कारकुनांना बसवलं. कारकून आपली सही करून हुद्द्याच्या आधी ‘च्या वतीने’ अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द हाताने लिहीत. थोड्याच काळात ते शब्द छापूनच येऊ लागले. त्यामुळे हाताने लिहिलेल्या शब्दांची नोट दिसली की संग्राहक भिंग काढतो आणि शाईचा तपकिरी पडलेला फराटा शोधतो. एकूण सहा कोटी डॉलरच्या या नोटा निघाल्या. आयात मालाची जकात त्यांनी भरता येई, १८६२ पासूनच्या नव्या नोटांनी ती भरता येत नसे. साहजिकच व्यापाऱ्यांनी या नोटा जकातीत भरल्या, सरकारने त्या जमा करून रद्द केल्या, आणि आज त्या अगदी थोड्या उरल्या आहेत.

मोठ्या रकमेच्या नोटांचं तर विचारायलाच नको. १८९० ची हजार डॉलरची ‘ट्रेझरी नोट’ संग्राहकांत ‘ग्रँड वॉटरमेलन’ म्हणून ओळखली जाते, कारण मागच्या बाजूची तीन हिरवी शून्यं हुबेहूब कलिंगडासारखी दिसतात. त्या काळी हजार डॉलर नुसते घरात ठेवून देणं कुणाला परवडणार? जवळजवळ सगळ्या नोटा वटवल्या गेल्या. उरलेल्या बोटांवर मोजण्याइतक्या नोटांपैकी एक जानेवारी २०१४ मध्ये लिलावात ३२ लाख ९० हजार डॉलरना गेली.

मला स्वतःला याहून जास्त ओढ आहे ती ‘नॅशनल बँक नोटां’ची. १८६३ ते १९३५ या काळात गावोगावच्या हजारो बँकांनी सरकारी रोखे तारण ठेवून आपापल्या नावाच्या नोटा काढल्या. नोटेवर बँकेचं नाव, गावाचं नाव, सनदेचा क्रमांक, आणि खाली अध्यक्ष व कॅशियरच्या सह्या. बँक बुडाली तरी सरकार नोटेचे पैसे देई, म्हणून याही नोटा परत गेल्या. लहानशा गावाच्या बँकेची एकच नोट आज शिल्लक असते आणि त्या गावचा माणूस तिच्यासाठी जन्मभर वाट बघतो. डाकोटा, वायोमिंग, ॲरिझोना हे प्रदेश राज्यं होण्याआधीच्या नोटांना तर फार मोठी मागणी आहे. कुठलं गाव कधी भरभराटीला आलं आणि कधी ओस पडलं, हे या कागदांवरून वाचता येतं.

एका नोटेपाशी मात्र थांबायलाच हवं. १८९९ च्या पाच डॉलरच्या ‘सिल्व्हर सर्टिफिकेट’वर हंकपापा लकोटा जमातीचे प्रमुख रनिंग अँटिलोप यांचं मोठं चित्र आहे. अमेरिकी कागदी चलनावर मुख्य चित्र म्हणून झळकलेले ते एकमेव आदिवासी नेते. मूळ छायाचित्र १८७२ चं. त्यातली डोक्यावरची पिसं इतकी उंच होती की ती नोटेच्या चौकटीत मावेनात, म्हणून कोरीव काम करणाऱ्या जॉर्ज स्मिली यांनी त्यांच्या डोक्यावर पॉनी जमातीचं शिरोभूषण चढवलं. पॉनी म्हणजे लकोटांचे पिढीजात वैरी. नक्षीकाम अप्रतिम आहे, चेहऱ्याची प्रत्येक सुरकुती जिवंत आहे, आणि ज्या माणसाचा गौरव म्हणून हे छापलं त्यालाच शत्रूचा साज घातलेला आहे. अमेरिकेच्या सगळ्या नोटांत मला ही सर्वांत सुंदर वाटते आणि सर्वांत जास्त टोचतेही.

१८६१ पासून सरकारने काढलेली प्रत्येक नोट अमेरिकेत आजही दर्शनी किमतीला चालते. आपल्याकडे नोव्हेंबर २०१६ मध्ये रद्द झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा दहापेक्षा जास्त बाळगायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे. अभ्यास वा संग्रहासाठी ही मर्यादा पंचवीस. दोन देशांतल्या संग्राहकांचं जग किती वेगळं आहे, हे यावरून कळावं.

नोटेचा भाव शेवटी कागदाच्या अवस्थेवर ठरतो. परीक्षण संस्था सत्तरपैकी गुण देऊन नोट पाकिटात बंद करतात. कागद मूळ स्थितीत असेल, तर तसा वेगळा शेरा मिळतो. धुतलेली, दाबून सरळ केलेली नोट वरवर कोरी दिसते. पण तिरप्या उजेडात धरली की जुन्या घडीची रेघ दिसते आणि छपाईचा बोटाला लागणारा उठाव सपाट झालेला असतो.

म्हणून अमेरिकेत राहणाऱ्या वाचकांना एवढंच सांगायचं आहे. जुन्या पुस्तकात किंवा लिलावात घेतलेल्या सामानात अशी नोट हाती लागली, तर ती धुऊ नका, इस्त्री करू नका, चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. पीव्हीसी नसलेल्या पाकिटात ती आहे तशी सपाट ठेवा आणि मग जाणकाराला दाखवा.