चिप पुसा, पण तिचे घड्याळ जपा

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्याचे नाव आता गुरुत्वीय लहरींच्या संशोधनाशी जोडले गेले आहे. तेथील ‘लायगो-इंडिया’ प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत अशा लहरीची पहिली नोंद झाली, तेव्हा लिव्हिंग्स्टन आणि हॅनफर्ड येथील वेधशाळांना ती सुमारे ७ मिलिसेकंदांच्या अंतराने मिळाली. अशा फरकावरूनच लहरीच्या दिशेचा अंदाज बांधता येतो. घड्याळ चुकले, तर मोजमाप चुकले. हाच नियम विद्यार्थ्यांच्या टेबलावरील नखाएवढ्या मायक्रोकंट्रोलरलाही लागू पडतो.

‘पिक १२एफ६७५’ ही मायक्रोचिप कंपनीची आठ पायांची चिप याचे उत्तम उदाहरण आहे. तिच्या आतच ४ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर, म्हणजे ठोके देणारे घड्याळ असते. मात्र निर्मितीतील सूक्ष्म फरकांमुळे प्रत्येक चिपचा ठोका थोडा वेगळा पडतो. म्हणून कारखान्यात प्रत्येक चिप तपासून तिच्यापुरता दुरुस्तीचा आकडा काढला जातो आणि प्रोग्रामच्या १,०२४ जागांपैकी शेवटच्या जागेत लिहिला जातो. प्रोग्राम सुरू होताच तो आकडा वाचून घड्याळ सुमारे एक टक्क्याच्या मर्यादेत आणतो.

अडचण येते ती चिप पुन्हा वापरताना. संपूर्ण मेमरी पुसली की हा आकडाही जातो. मग तो वाचायला गेलेला प्रोग्राम परत न फिरता पहिल्या ओळीवर येतो आणि तेथेच घुटमळत राहतो. चिप ‘मेली’ असे समजून ती फेकली जाते. प्रत्यक्षात ती धडधाकट असते. आकडा न वाचणारा प्रोग्राम चालतो, पण घड्याळ भरकटलेले राहू शकते. ९,६०० बॉडच्या संदेशवहनात एक बिट अवघे १०४ मायक्रोसेकंद टिकतो. घड्याळात पाच टक्के चूक असेल, तर दहाव्या बिटापर्यंत ती जवळजवळ अर्ध्या बिटाएवढी साचते आणि अक्षरे चुकीची उमटू लागतात.

उपाय सोपा आहे. पुसण्यापूर्वी चिप वाचावी, शेवटच्या जागेतील आकडा वहीत टिपावा आणि नवा प्रोग्राम भरताना तोच परत लिहावा. कॉन्फिगरेशन शब्दातील बँडगॅपचे दोन बिटही तसेच जपावेत. दुसऱ्या चिपचा आकडा उसना घेऊन उपयोग नाही.

आकडा गेलाच, तरी वाट बंद होत नाही. एका पायावर चौकोनी लहर देणारा छोटा प्रोग्राम भरून फ्रिक्वेन्सी मीटरने तिची वारंवारता मोजावी आणि ती जुळेपर्यंत आकडा बदलत जावा. ‘पिककिट २’ या प्रोग्रामरमध्ये ही सोय आधीच दिलेली आहे. ‘एटमेगा ३२८पी’सारख्या चिपमध्ये हा आकडा स्वतंत्र जागेत असल्याने पुसला जात नाही.

चिप टाकून देण्याआधी तिचे घड्याळ एकदा तपासावे, एवढाच यातला धडा.